पट्टीवरचा पाय

नाशिक, १२ जानेवारी २०२५

ज्ञानेशभाऊजी,

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, तुमच्या दादांचा केलात. शेजारच्या सविताच्या फोनवरून लावला तर 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलात. आवाज तुमचाच होता. म्हणून आता पत्र लिहिते. पोस्टमन काही तुम्हाला ब्लॉक करता येणार नाही. वापीच्या तुमच्या फर्निचर फॅक्टरीचा पत्ता कुठून मिळवला ते विचारू नका, मिळवला.

कामाचं आधी लिहिते, कारण तुम्ही कोणतीच गोष्ट शेवटपर्यंत बघत नाही. चॅनलवरचा तो माफीचा व्हिडिओ काढून टाका. चॅनल तुमचं, पासवर्ड तुमच्याकडे, आमच्यापैकी कोणालाही तो काढता येत नाही. तो तिथे आहे तोवर हे लेथवर बसणार नाहीत. असं ते म्हणाले नाहीत हो. ते काहीच म्हणत नाहीत. दसऱ्याला मशीनची पूजा केली, वर जुनी चादर टाकली, ती अजून काढलेली नाही. सकाळी दुकान उघडतात, पुढच्या बाकावर बसतात आणि संध्याकाळी बंद करतात. मधल्या वेळात द्वारका चौकाकडे जाणाऱ्या गाड्या बघतात. मला हे बघवत नाही.

तुम्ही म्हणाल, वहिनी, मी चांगल्यासाठीच केलं. केलंत, मान्य. तुम्ही मोबाईल धरून बसायला लागलात तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. रवी कशी घडते, लाटण्याचा पोटाकडचा फुगवटा कसा येतो, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली की रंग कसा चढतो, मग केवड्याच्या पानाने चकाकी कशी येते, हे सगळं बघून कुठल्या कुठल्या गावचे लोक 'दादा, हाताला सोनं लागलंय' असं लिहायचे. मी एकेक व्हिडिओ माहेरी पाठवत होते. माझ्या बहिणी ह्यांना 'आमचे हिरो' म्हणायच्या आणि हे लाजून उठून जायचे. तो लाजलेला चेहरा मला अजून आठवतो.

मग सायखेड्याच्या खंडेरावतात्यांच्या देव्हाऱ्याचे खांब आले. तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लोकांना हे कोणी कधी नीट सांगितलंच नाही. आपला लेथ जमिनीलगत. मामंजींनी बसवलेला. पुढे मोटर लागली तरी बैठक तीच राहिली. समोर बसायचं, उजव्या पायाने लोखंडी पट्टी दाबून धरायची, पट्टीवर पटाशी टेकवायची आणि त्याच पायाच्या अंगठ्याने तिला आधार द्यायचा. पाय नसेल तर पटाशी उसळते. पोळपाट असो, पाळणा असो, देव्हारा असो, आपल्या दुकानातली प्रत्येक वस्तू अशीच झाली. गिऱ्हाईक बसतं पुढे, त्याला हे कधी दिसलं नव्हतं. तुमच्या मोबाईलने ते दाखवलं, आणि तेही इतकं जवळून की पडद्यावर खांब निम्मा आणि पाय निम्मा.

'देवाच्या खांबाला पाय? हात नाहीत का?' इथून सुरुवात झाली. पुढचं मी लिहीत नाही. दोन दिवसांत तात्या टेम्पो घेऊन आले. देव्हारा साडीत गुंडाळून आणला होता बिचाऱ्यांनी.

"माझं काय नाय रे नवनाथ," ते म्हणाले. "मी लय वर्सं तुला बघतो हाय. पण घरातल्या पोरासोरांनी मोबाईलवर बघितलं ना. आता सुना म्हणत्यात, ह्याच्यात देव कसा बसवायचा?"

हे म्हणाले, "ठेवा तात्या तिकडे." एवढंच. तात्यांना चहा पाजला. तेव्हासुद्धा हे मोडले नव्हते, मी शेजारीच उभी होते, मला विचारा.

मोडले ते तुमच्या व्हिडिओने. न विचारता, न सांगता तुम्ही हात जोडून कॅमेऱ्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "माझा भाऊ अडाणी आहे, त्याला कळलं नाही. आमच्याकडून पाप झालं. यापुढे आमच्याकडे देवाच्या वस्तूला पाय लागणार नाही." लोकांनी तुमचं कौतुक केलं. ह्यांनी तो व्हिडिओ सविताच्या फोनवर पाहिला, फोन तिला परत दिला आणि जेवायला बसले. तुम्ही ताटाला ताट लावून बसला होतात. दोघंही बोलला नाहीत. दुसऱ्या सकाळी तुमची बॅग नव्हती. न बोलण्यात तुम्ही दोघं भाऊ एकमेकांवर वरताण आहात.

तेवढा व्हिडिओ काढा. दुसरं काही मागत नाही.

दादांच्या पायाला थोडं लागलंय, बाकी बरे आहेत. मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही.

छायावहिनी


नाशिक, ३ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही. व्हिडिओही तिथेच आहे. रोज बघते.

मागच्या पत्रात 'थोडं लागलंय' लिहिलं, ते खरं नव्हतं. तुम्हाला घाबरवून बोलवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता ते ठरवलेलं मोडते. दिवाळीनंतर ह्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लाकडाची फास लागली. साखरेचा त्रास तर तुम्ही असतानाच निघाला होता. कळलंच नाही ह्यांना, अनवाणी फिरत राहिले. मला दिसलं तेव्हा अंगठा सुजून निळा झाला होता, आता काळा आहे. डॉक्टर म्हणतात अंगठा आत्ताच काढला तर पाय वाचेल, थांबलो तर वर वर सरकत जाईल आणि मग जिवावर बेतेल. त्यांनी हे तीनदा सांगितलं, साध्या मराठीत सांगितलं. हे मान हलवतात आणि घरी येतात.

ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "बघू."

परवा समोरच्या सावित्रीबाई बघायला आल्या. लिंबूसरबत घेतलं आणि जाताना दारात म्हणाल्या, "कसं असतं बघ छाया, ज्या पायाने लावलं त्याच पायाला आलं. देव उधारी ठेवत नाही." मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीत ऐकू गेलं. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं सुख आहे. पण आत आले तर हे भिंतीकडे तोंड करून म्हणतात, "तिच्यावर कशाला ओरडलीस? माझ्या सख्ख्या भावाने तेच सांगितलंय सगळ्यांना."

आता कळलं का तुम्हाला, मी त्या व्हिडिओच्या मागे का लागले आहे?

आणि एक विचारायचंय. राग येईल, येऊ द्या. हे लेथवर बसायच्या आधी काय करतात? मोरीवर जाऊन पाय धुतात. घोट्यापर्यंत, बोटांच्या मधून, नीट. मग मशीनला हात लावून कपाळाला लावतात आणि म्हणतात, "पाय लागतो, सांभाळून घे." मामंजी म्हणायचे, हे म्हणतात, तुम्हीसुद्धा पहिल्यांदा एकट्याने बसलात तेव्हा म्हणाला होतात, मी नवी नवरी होते आणि दारातून बघत होते. मग खांबांच्या व्हिडिओत ते कुठे आहे? तुम्ही घेतलं होतंत ते. मी मोरीशी भांडी घासत होते आणि तुम्ही मला बाजूला व्हायला सांगितलंत, इतकं मला आठवतं. टाकताना ते काढलंत. मी विचारलं तर म्हणालात, "वहिनी, पहिल्या तीन सेकंदांत लाकूड फिरायला नाही लागलं ना, तर लोकं पुढे सरकतात."

ज्याची माफी मागायची त्याची तुमचा भाऊ रोज सकाळी मागत होता. ती तुम्ही काढून टाकलीत आणि मग ज्यांचा काही संबंध नाही अशा लोकांची मागितलीत, त्याच्या नावाने.

मी रागाने लिहितेय. पण मला नुसता राग आलेला नाही, मला भीती वाटतेय.

छाया


नाशिक, १४ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तेवढा वेळ नाही. द्वारका चौकातून सनी भाजीची गाडी घेऊन वापीला येतो, त्याच्या हातात देतेय. तो तुम्हाला शोधून देईल, न सापडलात तर गेटवर बसून राहील, तसं माझ्याकडून कबूल झालाय.

व्हिडिओ काढलात, बघितलं. परवा सकाळी शोधला तर नव्हता. माझी पत्रं पोचतात तर. मी धावत जाऊन ह्यांना दाखवलं, "बघा, काढला भाऊजींनी." त्यांनी फोन हातात घेतला, बघितला आणि मला परत दिला. मग म्हणाले, "काढला म्हणून काय झालं? ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं."

चूक माझी नाही आणि तुमचीही नाही, पण व्हिडिओ काढून भागलं नाही. मला वाटलं होतं भागेल.

ह्यांना काल ताप भरला, शुद्ध हरपायला लागली तेव्हा गल्लीतल्या राजूच्या रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. सलाईन, इंजेक्शनं चालू आहेत. शुद्धीवर आहेत. डॉक्टर आता अंगठ्याचं नाव काढत नाहीत, पावलाचं बोलतात, आणि तेही दोन दिवसांत. कागद उशाशी ठेवलाय. मी पाया पडले, रडले, भांडले. शेवटी मी म्हणाले, "माझ्यासाठी तरी करा." तर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते.

"छाया, त्या पायाने मी आयुष्यभर काम केलं. त्याचीच माझ्या भावाला लाज वाटली. हात जोडावे लागले त्याला त्याच्यापायी. असल्या पायामागे बाकीचं शरीर तरी कशाला ठेवायचं?"

शहाणा माणूस असं बोलतो का? पण ते तापात बोलले नाहीत. शांतपणे बोलले, म्हणून मी घाबरले.

माझं ते ऐकणार नाहीत. ही गाठ मी मारलेली नाही, माझ्याने सुटायची नाही. तुम्ही या. फोन नको, निरोप नको, स्वतः या. काय बोलायचं ते मला विचारू नका, मला माहीत असतं तर मीच बोलले असते.

सनी परत निघेल तेव्हा त्याच्याच गाडीत बसा.

छाया


नाशिक, २ मार्च

भाऊजी,

येऊन गेलात. वहिनीला न भेटता. मी खाली औषधं आणायला गेले होते, रांग होती. वर आले तर ह्यांनी सही केलेली, नर्स कागद घेऊन निघालेली आणि तुम्ही गायब. माझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली असेल. वाटू दे, पण एवढ्या लांबून येऊन घोटभर चहासुद्धा न घेता जातं का कोणी?

हे काही सांगत नव्हते. शेजारच्या खाटेपाशी सुरगाण्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, नवसाबाई, त्यांच्या नवऱ्याला सोबत म्हणून आल्यात. थोडं त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, "तो आला न् पायथ्याशी उबा ऱ्हायला. कायच बोलं ना. मंग चादर सारली न् पायावर डोकाच ठेवला त्याने. वास येत होता, आम्ही पण नाक धरलेला."

बाकीचं ह्यांनी दोन दिवसांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. मी जुळवून लिहिते, चुकलं तर सुधारा.

हे म्हणाले, "ऊठ. वास येतोय."

तुम्ही म्हणालात, "येऊ दे."

"पट्टी ओली आहे, कपाळाला लागेल."

तुम्ही उठला नाहीत. मग ह्यांनीच विचारलं, "तिकडे उभ्याने काम करतोस?" तुम्ही तोंड न उचलता म्हणालात, "हो. मशीन उंच आहे." "जमतं?" "नाही जमत दादा. पाय मोकळा राहतो, काय करायचं त्याचं कळत नाही." आणि ह्यांना हसू आलं. भाऊजी, पाच महिन्यांत पहिल्यांदा. ते हसले तेव्हा मी खाली गोळ्यांच्या रांगेत उभी होते, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

त्यानंतर त्यांनी नर्सला हाक मारली.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते, कारण तुमच्यापाशी लपवालपवी करून काय होतं ते मी बघितलंय. पाऊल वाचलं नाही. गुडघ्याखालून पाय कापावा लागला. जीव वाचला, डॉक्टर म्हणतात तेच खूप. पण माझं पहिलं पत्र मिळाल्या मिळाल्या आला असतात तर अंगठ्यावर निभावलं असतं. ह्यांनीही आधीच सही करायला हवी होती, मीही पहिल्याच पत्रात खरं लिहायला हवं होतं. सगळ्यांचं मिळून झालंय हे. तरी तुमच्या वाट्याचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप आली नसती. सांगितलं. आता मनात काही नाही.

तुम्ही डोकं टेकवलंत ते शेवटच्या दिवशी टेकवलंत, आणि त्या पायाला तेवढं मिळालं. मी त्यासाठी तुमची ऋणी आहे. दोन्ही खरं आहे.

नंबर मोकळा करा आता.

छायावहिनी


नाशिक, १७ ऑगस्ट

भाऊजी,

नंबर मोकळा केलात हे कळलं, दादांना रविवारी फोन येतात हेही कळतं. पाच मिनिटं दोघं पावसाचं बोलता आणि ठेवता. पावसाचं एवढं काय असतं? म्हणून फोन असूनही पुन्हा पत्र. हे फोनवर माझ्याने सांगवलं नसतं.

जखम भरली. कुबड्या घेऊन मोरीपर्यंत जातात. नकली पायाचं माप दिलंय. गेल्या महिन्यात एका सकाळी मी दुकानात झाडत होते, मागून येऊन म्हणाले, "चादर काढ." मी काढली. भिंतीला धरून खाली बसले, बराच वेळ लागला बसायला. मग तांब्या मागितला आणि बसल्या जागीच डावा पाय धुतला. उजव्याच्या जागी थोडं पाणी जमिनीवर ओतलं. का ते मी विचारलं नाही.

डावा पाय शिकतोय, पण त्याला एका वेळी एकच काम जमतं. पटाशीला आधार देतो तर पट्टी दाबायची राहते. पट्टी सुटली की पटाशी उसळते, दोन लाटणी फुटली, एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी मोटर बंद केली, खाली बघत म्हणाले, "संपलं आता हे." तसंच म्हणाले जसं दवाखान्यात बोलत होते.

मी झाडू ठेवला. मोरीवर गेले, पाय धुतले, मशीनला हात लावून कपाळाला लावला. ह्यांच्या समोर बसले आणि माझा पाय पट्टीवर ठेवला. आपल्या घरातली कोणी बाई आजवर त्या पट्टीजवळ गेली नव्हती, हे तुम्हालाही माहीत आहे. सासूबाई तर ती पट्टी ओलांडायच्यासुद्धा नाहीत. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "बघताय काय? लावा मोटर."

थरथर थेट दाढेपर्यंत येते हो. हे तुम्ही कोणी मला कधी सांगितलं नाही.

लाटणं झालं. थोडं वाकडं, पण झालं. आता रोज सकाळी बसतो आम्ही. आणि मी नवीन चॅनल काढलंय, माझ्या नावाने. मोबाईल खिडकीत टेकवून ठेवते. पाय धुण्यापासून सगळं टाकते, काही काढत नाही. पहिल्या तीन सेकंदांत ज्यांना जायचंय ते जातात. जे राहतात त्यांना ह्यांचा एक पाय दिसतो, उजव्याच्या जागची गुंडाळलेली धोतराची घडी दिसते आणि पट्टीवर माझा पाय दिसतो, जोडव्यांसकट. देवाचा चौरंग केला गेल्या आठवड्यात, त्याचे पायही असेच केले आणि तेही टाकलं. लोकांनी लिहिलं, बाईचा पाय, विटाळ, काय काय. मी उत्तर देत नाही. माफीही मागत नाही. ह्यांनी एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "चौरंग कुणी मागितला का ते बघ." एकीने मागितलाय.

हे तुम्हाला कधी बोलावणार नाहीत. तुम्ही आपणहून कधी विचारणार नाही. दोघं पावसाचंच बोलत बसाल. म्हणून मी लिहिते. ह्यांच्या हाताला तुमच्या पायाची सवय आहे, लहानपणी मामंजींच्या समोर एकाच्या हातात पटाशी आणि पट्टीवर दुसऱ्याचा पाय, असे तुम्ही दोघं आलटून पालटून बसायचात. माझा पाय दहा मिनिटांत बधिर होतो आणि मी तसं सांगत नाही, कारण सांगितलं तर ते मोटर बंद करतील.

माझ्याने फार दिवस होणार नाही भाऊजी. या.

छाया